कोल्ह्यालाही, हरणालाही

नेब्रास्कात शिकारीचा हंगाम तोंडावर येताच म्हातारा एल्डन बायको वर्नाला घेऊन मर्लच्या बंदुकांच्या दुकानात शिरला. "दोन रायफली बाळगायचा कंटाळा आला. कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्यालाही चालेल आणि हरणालाही, अशी एकच दे." मर्लने मधल्या ताकदीची रायफल काढली. "दोन्हींना चालते, गोळी झाडताना खांद्याला धक्काही कमी." आम्ही तिघे-चौघे गिऱ्हाईकं दुकानातल्या शेगडीजवळ शेकत बसलो होतो. मी विचारलं, "हरणाची बंदूक खांद्याला झेपेना वाटतं?" एल्डनचे कान लाल झाले. "माझा खांदा ठणठणीत आहे! वर्नाचा दुखतो. तिच्यासाठीच घेतोय." सगळ्यांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. गेल्या वर्षी तिनेच त्याच जड बंदुकीने हंगामातलं सर्वांत मोठं हरीण पाडलं होतं. वर्नाने शांतपणे डावा खांदा चोळला. "फार दुखतो हो." वर्ना बंदूक उजव्या खांद्याला लावते, हे मर्लला ठाऊक होतं. "मग वहिनी, हीच न्या," तो म्हणाला, "आणि एल्डनलाही अधूनमधून वापरू द्या."