परसातलं गाऱ्हाणं

गंगाने चवळीचं पान उलटं करून पाहिलं. मागे रस शोषणारा मावा नव्हता. मावा खाणारे ठिपक्यांचे लाल किडे होते, पण ते पाय वर करून पडले होते. बोट लागताच खाली गळले.

तिने वांगी पाहिली, मग काकडीचा मांडव पाहिला. सगळीकडे तेच. काकडीच्या एका पिवळ्या फुलात मधमाशी बसलेली होती, ती फुंकर मारूनही हलली नाही. लांज्याला बहिणीकडे राहून गंगा नुकतीच परतली होती. पिशवी ओसरीवर टाकून आधी परसात आली, आणि आता नाकात झोंबणारा तो वास तिला कळला.

स्वरूप, तिचा मुलगा, अंगणात पाहुण्यांसाठी खुर्च्या लावत होता.

"झाडांवर काय मारलंस?"

"हळू बोल, आई. पुण्याची माणसं उतरलीत." त्याने घराकडे पाहिलं. "काल संध्याकाळी जरासं औषध मारलं. पानांची चाळण झाली होती. लोक फोटो काढतात."

"त्याला औषध म्हणतोस?"

"सगळेच मारतात."

"सगळे फाटकावर 'निर्विष भाजी' अशी पाटी लावतात?"

स्वरूपने खुर्ची पुसायला घेतली.

"बांधाकडच्या ओळीवर पण मारलंस?"

त्याने पुढची खुर्ची ओढली. बांधाकडची ती ओळ किड्यांची होती. बाकीच्या झाडांवर गंगा चुलीची राख भुरभुरवी, गोमूत्रात कुजवलेला करंजाचा पाला शिंपडी. त्या ओळीला मात्र हात लावत नसे. किड्यांनी तिथे खावं, इथे येऊ नये, एवढंच तिचं परसाच्या राखणदार देवाकडे मागणं असे. राखणदाराचा पाषाण सातविणीच्या झाडाखाली होता. नवरा, रावजी, होता तोवर अवसेला नारळ धरून देवाला गाऱ्हाणं तो घालायचा. त्याच्यामागे ती घालू लागली. घराच्या खोल्या पर्यटकांना द्यायला लागल्यापासून स्वरूपने अवस सोडायला लावली. पाहुणे असतील त्या दिवशी गाऱ्हाणं. तेही तिने ऐकून घेतलं होतं.

"आज ह्यातलं काही ताटात वाढायचं नाय," ती म्हणाली.

"धुतलं की जातं, आई. तू साडी बदल. माणसं खोळंबलीत."

तरी ती आत गेली, साडी बदलली, नारळ घेऊन सातविणीखाली आली. तोवर पाहुणे मांडवाखाली जमले होते. स्वरूपचा आवाज त्याच्या फोनवरच्या जाहिरातीसारखा गोड झाला होता.

"इथे फवारणी नाही. आमची आई देवाला सांगते, राखणदार झाडं सांभाळतो. हवी ती काकडी तोडा आणि खा. धुवायचीसुद्धा गरज नाही."

टोपी घातलेल्या एका माणसाने काकडी तोडली, पँटला पुसली आणि कचकन चावा घेतला.

झडप घालून ती काकडी हिसकावून घ्यावी, असं गंगाला वाटलं. पण मग स्वरूप हसून म्हणाला असता, म्हातारी जरा तिरसट आहे. पाहुणेही हसले असते. तिने नारळ दोन्ही हातांत धरला आणि पाषाणाकडे तोंड केलं.

"प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय महाराजा' म्हणायचं," स्वरूपने सगळ्यांना सांगितलं. मोबाइल वर झाले.

"बा राखणदारा महाराजा, ही जागा तुजी, आमी तुजी लेकरं."

"व्हय महाराजा." पाहुणे एका सुरात म्हणाले. त्यांना मजा वाटत होती.

"किडा-मुंगी पण तुजीच. त्यांच्या वाटणीचा घास मी कधी तोडला नाय."

"व्हय महाराजा."

"मी लांज्याला गेले, नि माज्या लेकानं सगळ्या परसावर विष मारलान."

"व्हय महा..." सूर मध्येच फाटला. दोघेतिघे सवयीने पुढे म्हणाले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"जे मुकाट खात होते ते मेले. आता तो ह्या माणसांना सांगतो, धुवायची पण गरज नाय."

ह्या वेळी 'व्हय' आला नाही. टोपीवाल्याने तोंडातला घास हातावर काढला. एक बाई घाईघाईने नळ शोधायला लागली, दुसऱ्या बाईने मात्र मोबाइल खाली केला नाही.

"आई गंमत करते," स्वरूप म्हणाला. तो हसायला गेला, पण हसू ओठांवर बसेना. मग तो तिच्याजवळ येऊन दातांतून पुटपुटला, "माझा धंदा बुडवशील. बास कर."

गंगाने मान वळवली नाही. नारळ धरलेले हात भरून आले होते, तरी तिने ते खाली घेतले नाहीत.

"व्हय म्हटल्याबिगर गाऱ्हाणं पोचत नाय," ती म्हणाली. "ह्या लोकांना काय ठावं? तुला ठावं हाय. तू म्हण."

"आई."

"म्हण."

पाहुणे त्याच्याकडे बघत होते. टोपीवाला अर्धी काकडी हातात धरून उभा होता. स्वरूपची मान हळूहळू खाली गेली. त्याचे ओठ हलले. जे आलं ते इतकं बारीक होतं की तिच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल.

"मोठ्यानं," गंगा म्हणाली.