बेचाळिसावं फंक्शन

“डावीकडच्या कपाटातली हिरवी फाइल आण,” निशिवाकीबाई म्हणाल्या. ओत्सुबो क्षणभर दोन्ही कपाटांकडे बघत उभा राहिला आणि उजवीकडच्या कपाटाशी गेला. निशिवाकीबाईंनी उसासा टाकला. तिसरं वर्ष, आणि या गड्याला अजून डावं-उजवं कळत नव्हतं. तिथली हिरवी फाइल तो टेबलावर ठेवून गेला तेव्हा त्या पुन्हा हातातल्या यादीत बुडाल्या होत्या.

यादी मुरोई-सानांची होती. जपानात हामामात्सुतल्या त्या लहानशा कचेरीत पंप, झडपा आणि बाष्पकांची माहितीपुस्तकं लिहिली जात. मसुदे सहा जण लिहीत, त्यांत ओत्सुबो होता आणि स्वतः विभागप्रमुख निशिवाकीबाईसुद्धा. शेवटचा हात मात्र मुरोई-सान फिरवत. मार्चअखेर ते साठीचे होऊन निवृत्त होणार होते. पुढं वर्षाच्या बोलीवर त्यांना ठेवून घ्यायचं की नाही, ते निशिवाकीबाईंच्या शिक्क्यावर होतं आणि कागद शुक्रवारी वर जायचा होता.

शिक्का मारायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. माणूस गोड होता, कधी रजा नाही, कधी तक्रार नाही. “घरी बसलो तर बायको मला कुंड्यांबरोबर उन्हात ठेवील,” असं तो हसून म्हणे. त्यातली काळजी खरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण रिवाजाप्रमाणं मुरोई-सानांनी आपल्या कामाची यादी लिहून दिली आणि तिथं घोडं अडलं. टेक्स्ट एडिटरमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःची छोटी फंक्शनं लिहून ठेवली होती. एक कळ दाबली की जपानी टंकातले रुंद आकडे नेहमीसारखे अरुंद होत, दुसरी दाबली की धोक्याची सूचना कृतीच्या आधी जाऊन बसे. अशी बेचाळीस. एकेचाळिसांपुढं उपयोग नीट लिहिलेला होता. बेचाळिसाव्यापुढं एवढंच होतं: ‘एका व्यक्तीच्या मसुद्यांसाठी. पुढं ठेवायचं की नाही, ते विचारावं.’

निशिवाकीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

“हे काय करतं, मुरोई-सान?”

“एका जणाच्या लिहिण्यात डावं-उजवं उलटं होतं. नेहमी नाही, दहातून एकदा. आकृतीतल्या भागाच्या क्रमांकाशी ताडून हे ते सरळ करतं.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस.”

“आणि त्या माणसाला पत्ता नाही?”

“नाही. तसा उपद्रव काही नव्हता.”

निशिवाकीबाईंची नजर दाराबाहेर ओत्सुबोच्या पाठीकडे गेली. नाव त्यांनी विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं काय त्यात?

“झडप उलटी फिरवली तर कामगाराचा हात भाजतो,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षांत माझं एक पान गिऱ्हाइकाकडून परत आलेलं नाही. ते काय आपोआप? मी एकेक ओळ तीनदा वाचते. आणि इथं तुम्ही चुकांवर पांघरूण घालत बसलात. असा माणूस सुधारायचा कसा?”

“खरं आहे,” मुरोई-सान म्हणाले.

“पुसून टाका ते. आत्ता, माझ्यासमोर.”

मुरोई-सानांनी विचारलं, “आधी त्या व्यक्तीशी एकदा बोलू का?”

“गरज नाही. जबाबदारी माझी.”

त्यांनी मान लववली आणि ते फंक्शन पुसलं. निशिवाकीबाईंना फार वाईट वाटलं, तरी तत्त्व ते तत्त्व. शुक्रवारी कागद गेला तो शिक्क्याशिवाय. तीस तारखेला सगळ्यांनी मुरोई-सानांना फुलं दिली. कंबरेत वाकून त्यांनी प्रत्येकाचे आभार मानले, निशिवाकीबाईंचे सगळ्यात शेवटी. जाण्याआधी ते बराच वेळ ओत्सुबोच्या टेबलाशी बसून होते.

शेवटचा हात आता ओत्सुबोकडे आला. हा निशिवाकीबाईंचाच निर्णय होता. पाण्यात ढकललं की माणूस पोहायला शिकतो, तसं चुकणाऱ्याला तपासायला बसवलं की तो सुधारतो, असं त्यांचं मत होतं. एप्रिल गेला, मे गेला. एकही पान परत आलं नाही. आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्या स्वतःला रोज सांगत, कारण मुरोई-सानांची रिकामी खुर्ची त्यांना रोज दिसे.

फक्त ओत्सुबो खंगत चालला होता. सगळे गेले तरी तो छापील आकृत्यांवर पट्टी ठेवून बसलेला असे. जेवणाचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच राही. जूनमध्ये निशिवाकीबाईंना राहवेना. त्यांनी त्याला आत बोलावलं, गार बार्लीचा चहा पुढं ठेवला आणि दार लावून घेतलं.

“एवढा वेळ कशाला लागतो रे तुला?”

“डावं-उजवं ताडायला,” तो खाली बघत म्हणाला.

“मला वाटलंच. ते बेचाळिसावं फंक्शन मी पुसायला लावलं म्हणून ना?”

“हो.”

“मग लाजतोस कशाला? ते कुणासाठी होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. कुणाला बोलले नाही मी.”

ओत्सुबोनं चमकून वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला, दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

“तुम्हाला माहीत होतं?” तो म्हणाला. “मग उगाच लपवत बसलो मी. मुरोई-सान मला बजावून गेले होते, की निशिवाकी-सानांचे मसुदे हातानं तपासत जा, पण त्यांना कधी कळू देऊ नकोस.”