सवडीने

मिस्त्रींनी पाना फरशीवर ठेवला, तेव्हा त्याचा आवाज गॅरेजभर घुमला. इतकी शांतता होती. दाराजवळच्या स्टुलावर त्यांची सून बसली होती. सकाळपासून ती दोनच वाक्ये बोलली होती: नव्या नोकरीचे ठिकाण लांब आहे, आणि नवऱ्याची गाडी आता ती स्वतः चालवणार आहे. मिस्त्रींनी मोटरसायकलवरची ताडपत्री ओढून काढली होती.

गाडी मुलाहून वयाने मोठी. मुलगा गेला त्या अपघातात चेपलेला तिचा पुढचा भाग मिस्त्रींनी गेल्या अकरा महिन्यांत जोडून आणला होता. नवा आरसा, नवी काच, नवा बल्ब. एकच काम राहिले होते. किंवा त्यांनी ते राहू दिले होते.

टाकीखालचा जुना रेग्युलेटर सुटून हातात आला. तळहाताएवढी वस्तू, एका अंगाने करपलेली. सुनेने विचारले, हा नेमका करतो काय. तिने ते इतक्या सहज विचारले, की मिस्त्रींना उत्तर जड गेले. तिच्याकडे न पाहता ते सांगू लागले. इंजिन जितके जोरात फिरेल तितकी वीज जास्त निर्माण होते. बॅटरीला आणि दिव्याला मात्र लागते ती बेताचीच. वरची सगळी हा स्वतःच्या अंगावर घेतो आणि गप्प तापत राहतो. म्हातारा झाला की त्याला ते झेपत नाही.

“मग?”

“गाडी हळू असेल तर काही नाही.” मिस्त्री वायर जोडायची जागा पॉलिश पेपरने घासू लागले. “वेग घेतला की बल्ब उडतो.”

तिने नुसती मान हलवली. तिला अजून काही उमगलेले नव्हते. रात्री दिवा न लावता गाडी चालवत होता, असे अपघाताच्या कागदावर लिहिले होते, आणि त्या एका ओळीवर ती अकरा महिने धुमसत होती. भेटायला कोणीही आले तरी तेच सांगायची, कधी रडून, कधी चिडून: एवढ्या मोठ्या मिस्त्रीचा मुलगा, साधा दिवा लावायचे याला सुचू नये? अशा वेळी मिस्त्री पाहुण्यांना पाणी आणायला आत जात.

या गॅरेजची एक रीत होती. येणाऱ्या प्रत्येक कामाला तारेने एक कार्ड बांधलेले असे. त्यावर गाडीचा नंबर आणि गिऱ्हाइकाचे नाव, आणि खाली मिस्त्रींच्या तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द: आज, उद्या, नाहीतर सवडीने. तांबड्या पेन्सिलीपुढे देवाचेही चालत नाही, असे गिऱ्हाईक थट्टेने म्हणत. घरच्या गाडीला मात्र कार्डच नसे. तिची पाळी सगळ्यांच्या मागून.

मिस्त्रींनी फळीवरून नव्या रेग्युलेटरचे खोके काढले. त्याला कार्ड होते. आज पहाटेच ते कार्ड काढून टाकायला पक्कड घेऊन या फळीपुढे उभे राहिले होते, पण तारेवर पक्कड मिटली नव्हती.

“द्या, मी धरते,” म्हणत सून उठून आली.

कार्डावर तिच्या नवऱ्याचे अक्षर होते. गाडीचा नंबर, तारीख. पुढे लिहिले होते: गिऱ्हाईक – आपला एकुलता एक मुलगा. घरचा म्हणून नंबर लागत नाही, सबब रीतसर रांगेत उभा आहे. कृपा असावी.

तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी हसू आले. तो असाच होता. मग तिने कार्ड उजेडाकडे धरले. तारीख अपघाताच्या तीन आठवडे आधीची होती. खाली तांबड्या पेन्सिलीने, ठसठशीत वळणात, लिहिले होते: सवडीने.

तिने खोके त्यांच्या हातात दिले. कार्ड दिले नाही.

चार वायरी जोडायच्या आणि दोन बोल्ट आवळायचे. आयुष्यभर डोळे मिटून केलेले ते काम आज मिस्त्रींच्या हातून संपता संपेना. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झाले. त्यांनी बॅटरीला मीटर लावला, दिव्याचे बटण दाबले आणि रेस वाढवली. आकडा चढला, चौदा व्होल्टच्या थोडा पुढे आला आणि तिथे थांबला. त्यांनी आणखी रेस दिली. आकडा हलला नाही.

“त्यानं दिवा लावला होता,” इंजिनाच्या आवाजात मिस्त्री म्हणाले. “गाडी इथं आणली तेव्हा बटण चालूच होतं. बल्ब जळून काळा झाला होता. मीच काढून फेकला तो.”

ती कार्डाकडे बघत होती.

“अकरा महिने मी त्याच्याशी भांडत होते, बाबा.”

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मिस्त्रींना बरे वाटले असते. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडले, आणि म्हणायचे होते ते सोडून भलतेच विचारले.

“गाडी नेशील ना, पोरी?”

तिने कार्डाची तार सरळ केली, कार्ड पर्समध्ये ठेवले आणि ती गाडीला वळसा घालून दाराकडे चालू लागली. मिस्त्रींचा हात रेसवर तसाच होता. दारापर्यंत तिच्या पाठीवर दिव्याचा उजेड पडला होता, स्थिर, जराही न लुकलुकणारा. पुढे ऊन होते. तिथे तो दिसेना.