घर बघायला

प्रवेश परीक्षेत हलाखीतल्या मुलांना वाढीव गुण मिळणार होते, म्हणून कॉलेजच्या बाई घर बघायला येणार होत्या. कपडे इस्त्री करून पोट भरणाऱ्या आईनं आदल्या दिवसापासूनच पदर खोचला. शेजारच्या काकूंच्या खुर्च्या आल्या, मावशीचे पडदे आले, आणि लेक ज्यांवर वही ठेवून अभ्यास करायची ते कपड्यांचे गठ्ठे पडद्याआड गेले.

"अगं, त्यांना आपली अडचणच बघायचीय," लेक काकुळतीला आली.

"म्हणून काय घरी आलेल्या माणसापुढे शोभा करून घेऊ?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि मायेनं विचारलं, "हिच्या अभ्यासाला घरात काही अडचण?"

लेकीनं तोंड उघडलं, तोच आईनं तिचा हात घट्ट दाबला.



"छे हो, देवाच्या दयेनं आम्हाला काही कमी नाही."