दहा वर्षांनी लागणारं फळ

राजाबाईनं पत्र्याचा डबा पोराच्या, माउलीच्या हातात दिला आणि खाटेजवळ कौतुकानं उभी राहिली. माउलीनं झाकण काढलं. आत राख, आणि राखेत माखलेलं बी. वाळून खडखडीत झालेलं.

"हे काय केलंस, आये?"

"काय म्हंजे? तुझं पार्सल आलं तवा तू दवाखान्यात. फोडून बघते तर समदं ओलं, नारळाच्या भुश्यात चिकाट. म्हनलं, कुजंल की! माळवदावर चांगली उनं दिली, राख चोळली, लिंबाचा पाला घातला. आता वरीसभर किडा लागायचा न्हाय."

आता यात बाईचं काय चुकलं, सांगा. उभा जन्म होटगीच्या रानात गेला तिचा. ज्वारी असो, तूर असो, बी म्हणजे वाळवायचं, राखेत घोळायचं आणि डब्यात जपायचं. ओलं बी कुणी ठेवतं होय?

आणि हे बी तर तिनं जिवापाड जपलं होतं. टेम्पो उलटून माउलीचं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासनं पोरानं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. 'मला कशाला वाचवलंत' एवढंच म्हणायचा. आणि एक दिवस स्वतःहून फोनवरनं केरळातनं बी मागवलं. मँगोस्टीन म्हणे. जांभळं फळ, आत पांढरा गर. खाटेशेजारच्या खिडकीत कुंड्या ठेवायच्या, कुणी हात लावायचा नाही, सगळं आपण करायचं, असं ठरवून बसला होता.

"फळ कवा लागतंय रं?" तिनं विचारलं होतं.

"दहा वर्सं तरी लागत्यात."

दहा वर्षं! म्हणजे पोरगं अजून दहा वर्षं तरी जगायचं म्हणतंय. राजाबाई त्या दिवशी शेरडांच्या छपरात जाऊन पोटभर रडली, आनंदानं.

माउलीनं डब्यातलं एक बी नखानं दाबलं. ते फुटलं. आत नुसता तपकिरी भुगा.

"हे बी वाळलं की मरतंय, आये. ओलंच ठेवायचं असतंय. ओलंच लावायचं."

"असं कुटं असतंय व्हय?" ती आधी हसलीच. मग त्याचं तोंड बघितलं. "मग... दुसरं मागव की, बाबा."

"नगं."

"तुला कुनी सांगितलं हुतं नसता शानपना कराय?" दारातनं तिचा नवरा धुळा खेकसला.

"र्‍हाऊ द्या आबा. तिला कशाला बोलताय," माउली म्हणाला. त्यानं डबा खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

तरी तिनं ते बी लावलंच. कुंड्यांत लेंडीखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, दिसंल त्या देवाला हात जोडले. काही उगवलं नाही. माउली खिडकीकडं बघेनासा झाला. भाकरी अर्धी ताटात राहायला लागली.

मग एका सकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती, आणि आतनं हाक आली.

"आये! ए आये, हितं ये की लवकर!"

असला आवाज तिनं अपघातापासनं ऐकला नव्हता. पिठाच्या हातानं ती धावली. माउली कोपरावर उठला होता आणि खिडकीकडं बोट दाखवत होता. कडेच्या कुंडीत मातीतनं हिरवं वर आलं होतं, बोटभरसुद्धा नाही.

राजाबाई वाकली. बघता क्षणी तिनं ओळखलं. एवढी वर्षं खुरपण केलेल्या बाईला ते ओळखायला काय लागतं! गाजरगवत. खतातनं आलेलं. तिची बोटं आपसूक पुढं गेली, गवत बुडाशी धरलं, उपटायला जोरही लावला.

"आलंय न्हवं?" मागनं माउली म्हणाला. त्याला खाटेवरनं नुसतं हिरवं दिसत होतं.

तिची बोटं सैल पडली.

"आलंय की," ती म्हणाली.

"बघ! समदं न्हवतं मेलं." तो चक्क हसत होता. "आता दहा वर्सं कळ काढायची, म्हंजे झालं."

महिनाभरात त्याला पांढरी फुलं येणार, आणि गाजरगवताचं फूल तर शेंबडं पोरगंही ओळखतं. राजाबाईनं तांब्या उचलला आणि गवताला पाणी घातलं.