बुचाखालचा रंग

"बाबा, तुम्ही आईला गाडी का चालवू देत नाही?" मी हे विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलंच.

"माझ्या घामाची गाडी आहे. अकोट्याच्या पुलावर ठोकली म्हणजे? चल ने, तू तुझं काम कर!"

माझं काम म्हणजे त्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या दारांतल्या भोकांना लावलेली रबरी बुचं काढून पुसणं, कडक झालेली बदलणं. पहिलंच बूच उपटलं, तर खालचा पत्रा लालभडक!

"लालच होती," आई पायरीवरून म्हणाली. "माझ्या वडिलांनी मला दिलेली. हरणीहून कॉलेजला मीच चालवत न्यायचे. लग्नानंतर ह्यांनी रंगवून घेतली."

"जुनं उकरू नकोस!" बाबा खेकसले.


"आई, बाबा, ऐका," मी जाहीर केलं. "आजपासून किल्ली आईकडे. बाबांना गाडी हवी असेल, तर तिला विचारायचं."