प्रणालीचा आवाज

ऋषीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली. आता प्रणालीला बोलावंच लागणार होतं.

खापा गावची ही पोरगी शिबिरात सकाळपासून गप्प होती. चहाच्या वेळी "मले साखर कमी" एवढंच म्हणाली, तर धरमपेठेतली शहरी पोरं तिच्या बोलीला खो खो हसली. हसण्यात हा ऋषीच पहिला! शिबिर संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. आणि शिबिराच्या लतिकाताईंनी तिची जोडी लावून दिली ती नेमकी याच्याशी.

खेळ साधाच. पट्टी बांधलेल्यानं टायर, दोऱ्या आणि पाण्यानं भरलेल्या बादल्यांमधून मैदान पार करायचं. जोडीदारानं रेषेबाहेरून रस्ता सांगायचा. बादली सांडली की जोडी बाद.

शिट्टी वाजली आणि एकच गलका झाला. "लेफ्ट! राइट! स्टॉप!" कोणाचं लेफ्ट कोणासाठी, देव जाणे. पट्टी बांधलेला भूपेश भलत्याच्याच लेफ्टवर वळला आणि धपकन बादलीत बसला.

ऋषी जागच्या जागी उभा. "प्रणाली, आहेस ना गं? सांग ना काहीतरी!" अगदी रडकुंडीला आला होता बिचारा. शेवटी त्यानं अंदाजानंच पाय उचलला. समोर बादली.

"अगा, थांब नं!" प्रणाली ओरडली. "काहून घाई करून राहिला? मी हाओ नं इथं!"

ऋषी थांबला. एवढ्या गोंधळात असं बोलणारी एकच होती. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"डाव्या हाताले सरक. आणखी जरासा. आता पाय उचल. उंच उचल नं गा, जेवला नाही काय?"

मैदानाबाहेर पुन्हा हशा उठला. पण प्रणालीला तो ऐकायला फुरसत कुठे होती! ती रेषेच्या कडेकडेनं पळत होती, हातवारे करत होती, त्या पट्टीवाल्याला चांगली फैलावर घेत होती. आणि तो निमूट ऐकत होता. सगळ्यांच्या आधी पोचला पठ्ठ्या. पट्टी काढून तो असा नाचला, की लतिकाताईंनाही हसू आवरेना.

मग पट्टी प्रणालीच्या डोळ्यांवर आली. पुन्हा शिट्टी, पुन्हा लेफ्ट-राइटचा गलका. प्रणाली कान देऊन उभी राहिली.

"उजव्या... हाताले... सरक," ऋषी चाचरत, कसाबसा पुटपुटला.

"जोरानं बोल नं गा!" प्रणाली खणखणीत आवाजात म्हणाली. "काहून लाजून राहिला? इथं कोणी हासत नाही तुले!"